खडकाला टेकलेला तुकडा

प्रबंध पुरा झाला की सर्वांत खोल बर्फाचा तुकडा पाण्यात सोडून ग्लासाला कान लावायचा, ही दक्षिण ध्रुवावरच्या त्या तळाची रीत होती. निसर्गाच्या बर्फात युगानुयुगे कोंडलेली हवा सुटताना बारीक तडतडते.

यंत्रांनी समुद्र गोठवून रचलेल्या थरांखाली निसर्गाचा बर्फ अजून शिल्लक आहे, हे उन्मेषाला सिद्ध करायचे होते. तीन वर्षे ती रोज आठ तास छिद्र पाडत खाली गेली. आज ड्रिल खडकाला टेकले.

तुकडा विरघळला. ग्लास मुकाच राहिला.

"सर, हाही आपणच केलेला आहे. खाली काही उरलेलं नाही."

तिचे मार्गदर्शक डॉ. देवस्थळींनी ग्लासाला बराच वेळ कान लावला. "मला आला बुवा आवाज. माझ्या प्रबंधाच्या वेळीही असाच आला होता."

"असाच?"

"अगदी असाच. नाहीतर हा तळ तेव्हाच बंद झाला असता. तू कुठे आली असतीस, बाई?" त्यांनी प्रबंधावर सही केली.

दाराबाहेर खोळंबलेल्या विद्यार्थ्यांतून कुणी ओरडले, "ताई, तडतडला का?"

उन्मेषाने ग्लास एका दमात रिकामा केला. पाणी खारट होते.

"हो रे," ती म्हणाली, "छान तडतडला."