कुणाच्या मापात

"पदर नीट घे, आणि विचारतील तेवढंच बोल," लक्ष्मीदेवी अक्कानं थोरल्या बहिणीच्या हक्कानं बजावलं. सरोजानं दारासुरमची अंजिरी रेशमी साडी पुन्हा एकदा चापूनचोपून घेतली.

दोन स्थळं आधीच हातची गेली होती, आणि दोन्ही तिच्यामुळे. पहिल्यांदा ती फार बोलली. दुसऱ्यांदा अक्काचं ऐकून गप्प बसली, तर शिष्ट ठरली. माणूस मापात बसायला हवा म्हणतात. माप कुणाचं, ते कुणी सांगेल तर शपथ. आज चेन्नईचं स्थळ होतं. हेही गेलं तर कुंभकोणमच्या साऱ्या मराठी घरांत बभ्रा व्हायचा, आणि ते काही तिला सोसवलं नसतं.

आधी घरची माणसं पाहून जायची, बाकीचं मागाहून, असं ठरलं होतं. चेन्नईहून आलेले रघूत्तम, त्यांची बायको आणि लेक सहाना टॅक्सीतून उतरली. सरोजानं सोज्जी-बज्जीच्या, म्हणजे शिरा-भज्यांच्या बशा मांडल्या, थेंबही न सांडता कॉफी दिली. वडीलधारी मंडळी अक्काशी तंजावरच्या नातलगांच्या गप्पांत रमली. प्रश्न विचारत होती ती सहाना. तिनं गाण्याचं विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. सांबार बरं जमतं, गळा मात्र बेताचा, असं सरोजानं सांगून टाकलं.

"तुम्हीं रागें भरता काय?" सहानानं विचारलं.

अक्काचा अंगठा सरोजाच्या पावलावर दाबला गेला. नाही म्हण, एवढाच त्याचा अर्थ.  सरोजा मनाशी म्हणाली, गेलं तर गेलं.

"भरतें की. मज राग लगेच येतो. पण पोटांत ठेवीत नाहीं. ज्याचा राग त्यासच सांगतें, आणि सांजेस त्याजबरोबर जेवतें."

"आणि चूक तुमची असली तर?"

"तर कबूल करतें. वेळ लागतो थोडा."

अक्कानं डोळे मिटून घेतले. रघूत्तम लेकीकडे पाहू लागले. सहानानं कॉफी खाली ठेवली आणि मनापासून हसली.

"अप्पा, मज पसंत."

सरोजाचा ऊर भरून आला. अक्काकडे बघून विजयानं हसावंसं वाटलं, आणि ती हसलीच.

सहाना उठली, सरोजाच्या पायांशी वाकली. "सासूबाई मिळाल्या," ती म्हणाली. "आतां तुमच्या लेकास बोलवा, त्यासही बघून घेतें."