मालिशवाल्याचा हात

"खरं सांग, इंजेक्शन घेतलंस की नाही?"

"तुमच्यासमोरच तर घेतलं."

नवरा पुन्हा उठला. दवाखान्याच्या बाकावर त्याला बसवतच नव्हतं. खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. बायको हाताची घडी घालून बसली होती. गरोदरपणाच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या होत्या आणि त्या रेघांनी याच्या डोक्याचा पार भुगा केला होता.

सिस्टर आतून आल्या. म्हणाल्या, "दर तीन महिन्यांनी न चुकता घेतलं तर हे इंजेक्शन फार भरवशाचं. वर्षभरात शंभरातल्या एखादीलाच दिवस जातात."

यातून याने भलतंच काढलं. हा फुटबॉल संघाचा मालिशवाला. मधे महिनाभर संघाबरोबर बाहेरगावी होता.

"मी नव्हतो तेव्हा," तो बायकोकडे न बघता म्हणाला, "घरी कोण कोण यायचं?"

बायकोने मान वर केली. इतक्या वर्षांचा संसार आणि हा प्रश्न, तोही परक्या बाईसमोर! सिस्टरच ओशाळल्या. विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "इंजेक्शननंतर काही त्रास झाला होता का?"

"दंड दुखत होता हिचा." नवऱ्याला एकदम कंठ फुटला. मालिशचा विषय निघाला की गडी खुलायचाच. "चोळायचं नाही म्हणून सांगितलंय, असं ही ओरडत होती. पण मी ऐकतो होय? गरम टॉवेलने शेकलं, रोज रगडून रगडून दुखणं पार पळवलं. अहो, मोठमोठे खेळाडू माझ्या हाताखालून गेलेत!"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

"अहो महाराज, ते औषध तिथे साठून हळूहळू उतरायला हवं होतं. चोळलं, शेकलं की ते लवकर शोषलं जातं. मग मुदतीआधीच त्याचा जोर ओसरू शकतो."

नवरा मटकन बाकावर बसला. बायकोचा हात धरायला त्याने हात पुढे केला.

"चुकलं गं माझं. चल, घरी जाऊन बोलू."

बायको उठली. पर्स खांद्याला लावून ती सिस्टरांकडे वळली.

"सिस्टर, बाळ मला हवंय. नवऱ्याचं काय करायचं, ते विचार करून सांगते."