अठरा आणि आठ

फळ्यावर √१८ + √८ लिहून झालं आणि सुप्रियाच्या हातातला खडू मोडला. दुसरा घ्यायला गेली, तर तोही पडला. एरवी नववीचा वर्ग फिदीफिदी हसला असता. आज हसला नाही, कारण मागं दोन खुर्च्या टाकून मुख्याध्यापक आणि तात्या बसले होते.

तात्या म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. गणिताच्या शिक्षकाची एक जागा होती, आणि तिच्यासाठी सकाळपासून तिघांनी वर्गावर पाठ देऊन दाखवला होता. सुप्रिया चौथी. लोणी देवकरच्या कारखान्यात डब्यांना लेबलं लावायची पाळी बुडवून ती कळंबकडच्या या शाळेत आली होती. हे महिन्यातलं तिसरं बुडवणं. सुपरवायझरनं बजावलं होतं, एक तर शाळा बघा, नाहीतर पाळी. बी.एड.चं प्रमाणपत्र टेबलावर होतं. खिडकीतून वारा येत होता म्हणून तिनं त्यावर डस्टर ठेवलं होतं.

"दोन मिनिटं देते. वहीत सोडवा," ती म्हणाली आणि बाकांमधून फिरू लागली. एका जागी पाय ठरत नव्हता. करणींची, म्हणजे अशा वर्गमुळांची, बेरीज तशी सोपी, पण पोरं हमखास घसरतात ती इथंच. खिडकीजवळच्या वैष्णवीनं मात्र मान वर न करता पेन्सिलीनं मांडून टाकलं होतं. अठराचे तीन रूट दोन, आठचे दोन रूट दोन, मिळून पाच रूट दोन. सुप्रियाला त्या पोरीची दृष्ट काढावीशी वाटली.

तेवढ्यात तात्यांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"आवो मॅडम, एवढ्याला दोन मिन्टं कशाला? अठरा अन् आठ सव्वीस. सव्वीसचं रूट. झालं की!"

सगळा वर्ग मागं वळला.

"माजा अठरा गुंठ्याचा तुकडा हाय," तात्या रंगात आले. "शेजारचं आठ गुंठं घेतलं, मदला बांध मोडला. सव्वीस झालं का न्हाय? काय सर?"

मुख्याध्यापकांची वीस वर्षं गणित शिकवण्यात गेली होती. ते पंख्याकडं बघत राहिले.

सुप्रियाला चूक कुठं झाली ते लख्ख दिसत होतं. जन्मभर जमीन घेतलेला माणूस, त्याला आकड्यांतही जमीनच दिसणार. गुंठ्यांत गुंठे मिळवता येतात. पण रूट म्हणजे गुंठे नव्हेत, चौरस तुकड्याची एक बाजू. तात्या, दोन्ही तुकड्यांची एकेक बाजू चालून बघा, सव्वीस गुंठ्यांच्या एका बाजूपेक्षा जास्तच भरेल, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. तात्या कदाचित खळखळून हसले असते. कदाचित.

सोमवारची पाळी सकाळी सातची होती.

"बरोबर आहे, तात्या," ती म्हणाली, आणि फळ्यावर लिहिलं, √२६.

खिडकीजवळ खोडरबर घासल्याचा आवाज झाला. सुप्रियानं तिकडं बघायचं टाळलं.

तात्या खूश होऊन उठले. "पोरगी शिकल्याली हाय, पन मोठ्या मान्साचा मान ठिवती. सर, सोमवारपासनं घ्या हिला." मुख्याध्यापक त्यांना गाडीपर्यंत सोडायला निघाले. दारातून जाताना सरांनी सुप्रियाकडं पाहिलं नाही.

नोकरी मिळाली होती. आता आनंद व्हायला हवा होता. पण तिला स्वतःचीच लाज वाटत होती. गाडी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला तसं तिनं प्रमाणपत्रावरचं डस्टर उचललं आणि सव्वीस पुसून काढलं. प्रमाणपत्र उडून बाकाखाली गेलं. ते तिनं तसंच राहू दिलं.

"इकडं बघा सगळे," ती घाईघाईनं लिहू लागली. "अठराचं वर्गमूळ चाराच्या थोडं वर. आठचं तिनाच्या थोडं खाली. मिळून सात होतात ना? आणि सव्वीसचं वर्गमूळ जेमतेम पाच. मग ते उत्तर कसं असेल? उत्तर पाच रूट दोन. हेच लिहून घ्या."

पोरांनी मुकाट्यानं खोडलं, मुकाट्यानं लिहून घेतलं. वैष्णवीनं लिहिलं नाही. खोडून खोडून तिच्या वहीचा कागद विरला होता. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला.

"मॅडम, मग तात्या परत वर्गात आल्यावर कंचं लिवायचं?"