उंबऱ्याशी आखडणारा पट्टा

नवरा होता तोवर शारदाताई एकट्या कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. आता शहराच्या पलीकडच्या नगरा वस्तीत शिवण शिकवायला निघायचं होतं. हातात कापडाचं गाठोडं, म्हणून सून मुग्धाने मोबाईल गळ्यात अडकवायचा पट्टा आणून दिला. वेलीवरच्या दोडक्यासारखा मोबाईल कमरेपर्यंत लोंबायचा.

पण दाराकडे वळलं, की तो छातीशी यायचा.

"आई, पट्टा छोटा केला क्या?"

"मी हातसुद्धा लावला नाही गं."

माघारी फिरलं, की पट्टा पुन्हा सैल.

काल तो गळ्याला काचला, आणि शारदाताई उंबऱ्यावरूनच परतल्या. आज मुग्धा कात्रीच घेऊन आली.

"काटून टाकू?"

"का म्हणून? माझा आहे तो."

त्यांनी पाऊल उचललं. पट्टा मागून ताणला गेला, कोणी मुठीत धरावा तसा. शारदाताईंनी गाठोडं काखेत मारलं, पट्टा पुढून घट्ट पकडला, आणि उखाण्याखेरीज जन्मभर जे नाव ओठांवर आलं नव्हतं, ते खणखणीत घेतलं.

"दत्तात्रेय, सोडत नसाल तर चला बरोबर!"

आणि उंबरा ओलांडून त्या घराजवळच्या दतिया गेट वेशीच्या भर बाजारातून चालू लागल्या.

मागे कोणाच्या तरी चपला फरफटत येत होत्या.