भावाची नली

मेलेल्याचं नाव काय लिहायचं, एवढाच प्रश्न होता. फळीचा पांढरा रंग वाळला होता आणि काळ्या रंगाचा ब्रश हातात घेऊन एक गोरा शिपाई खोळंबला होता. ख्रिस्ती माणसाला क्रूस, बाकीच्यांना फळी, असा सिडनी बंदराच्या तोंडावरच्या त्या क्वारंटाइनचा रिवाज होता.

१९१८ साल. महायुद्ध संपून बारा दिवस झाले होते. इंग्रजांच्या आरमाराने भाड्याने घेतलेली आगबोट ऑस्ट्रेलियन सैनिकांना घरी पोचवायला आली, ती इन्फ्लुएंझा घेऊनच. सैनिकांना टेकडीवरच्या इमारती मिळाल्या, हिंदी खलाशांना खालचे तंबू. साथीला हा फरक कोणी समजावून सांगितला नव्हता. तिने दोन्हीकडे सारखंच काम केलं.

हर्णैचा भिवा चोगले, बॉयलरवरचा आगवाला, खड्ड्याच्या कडेला उभा होता. खड्ड्यात त्याचा धाकटा मुलगा दत्तात्रय होता. कागदोपत्री मात्र तिथे थोरला मुरलीधर होता.

नली म्हणजे खलाशाचा दाखला. तो पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचा आणि जिवापाड जपायचा. नली मुरलीधरची होती, पण त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. ‘वाया कशाला घालवायची, या खेपेला मी जातो,’ असं म्हणून दत्तू आला. भरती करणाऱ्याने दाखला पाहिला, दत्तूचे दंड पाहिले, आणि दोन्ही पसंत केले. लढाईत बोटींना हात हवे होते. ते कोणाच्या नावाचे आहेत, याची चौकशी करायला सवड नव्हती.

आता सवड होती. तोंडाला फडकं बांधलेला कारकून वही उघडून उभा होता, आणि आगवाल्यांचा मुकादम दाऊद सारंग दुभाषा म्हणून मध्ये होता.

“मुरलीधर म्हण आणि मोकळा हो,” सारंग मराठीत म्हणाला.

“जित्या पोराला माझ्या तोंडानं मेला म्हणू?”

“कागदाला म्हणायचं. पोराला कोण म्हणतंय?”

“आणि हा? ह्याला नावच नाय?”

सारंगने आवाज उतरवला. “भिवा, तू खरं बोललास तर उद्या सगळ्यांच्या नळ्या उघडतील. अकरा आगवाले आपण. त्यात स्वतःच्या नावानं आलेले चार. त्या चारांत मी नाय.”

भिवाने सकाळी दहनासाठी लाकडं मागून पाहिली होती, पण डॉक्टरने मान हलवली. साथीचं मढं खोल पुरायचं, वर चुना टाकायचा. चुन्यामुळे कापडातला माणूस कोणाचाही असावा तसा दिसत होता.

“घरी तार जाईल?” भिवाने विचारलं.

“जाईल. मुरलीधर चोगले वारला.”

“ती मुरलीच्याच हातात पडेल. घरात वाचता त्यालाच येतं.”

“मग बरंच की. कळेल त्याला, आपण मेलो म्हणजे कोण मेलं ते.”

“आणि पुढं? पोटासाठी त्यानं दर्यावर जायचं कसं? मेलेल्याला बोटीवर कोण घेतो?”

“दत्तूचं नाव मोकळं झालं ना,” सारंग म्हणाला. बोलून गेल्यावर त्याने मान दुसरीकडे वळवली.

कारकून खाकरला.

“मुरलीधर,” भिवा म्हणाला.

कारकुनाला ते नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. भिवाने पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने. समुद्रावरच्या वाऱ्यात ते लांबवर गेलं, जणू कोणी कोणाला जेवायला हाक मारत होतं.

शिपायाने एकेक इंग्रजी अक्षर काढलं. भिवाला एकही वाचता येत नव्हतं, तरी तो शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिला. मग त्याने वहीवर अंगठा उठवला.

कारकून भला माणूस होता. त्याने टोपी काढली, “सॉरी, मेट,” म्हणाला आणि सारंगला आणखी काहीतरी विचारलं.

“विचारतोय, आणखी मुलं आहेत का.”

“आहे एक.”

“नाव काय, म्हणतो.”

माती पडायला लागली होती. भिवाने खाली पाहिलं.

“दत्तात्रय.”

सारंगने ते जसंच्या तसं सांगितलं. कारकुनाने भिवाच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, साथीचा नियम आठवून तो मागे घेतला आणि दोन शब्द बोलला.

“म्हणतो, तो तरी सुखरूप आहे ना?”

“हो म्हणावं,” भिवा म्हणाला. “घरीच असतो.”