दोघांची सायकल

ताईला दिसत नाही, म्हणून तिच्या धाकट्या भावाने दोघांनी चालवायची सायकल घेतली होती. तळ्याकाठची वाट सपाट होती. नवशिके, म्हातारे, सगळेच तिथे यायचे. पुढे बसून तो आजूबाजूचं वर्णन करायचा आणि मागे बसून ताई पायडल मारायची.

कंपनीच्या कामासाठी आठवडाभर बाहेर राहून तो आज सकाळीच परतला होता. सायकल काढताना चाकांवर ओला चिखल दिसला. त्याला ते खटकलं.

तळं आलं तसं तो म्हणाला, "डावीकडे एक होडी उलटी पडलीय."

"काल सांगितलंस की. हल्ली फार विसरतोस."

त्याने ब्रेक दाबला. "काल तुला इथे कोणी आणलं, ताई?"

"चेष्टा पुरे. तूच आणलंस."

"काल मी गावातच नव्हतो. आवाज कोणाचा होता, नीट आठव."

ताईने पाय जमिनीवर टेकले.

"काल तो म्हणाला होता," ती हळूच बोलली, "उद्या एकजण येईल. आवाज माझाच असेल. 'काल मी नव्हतोच,' असं तुला पटवेल."

मग ती सायकलवरून उतरून मागे सरकली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने त्याला अहो-जाहो केलं.

"तुम्ही कोण आहात?"