चार भोंग्यांचा ऑर्केस्ट्रा

कान्हा, ॲम्प्लिफायर किती वॉटचा घेऊ ते मंग इचार. आधी च्या पी आनि एक गोष्ट ऐक. बेस गिटार वाजवनाऱ्याला ती ठाव पायजेच. ऐकून तुझं डोस्कं तापंल. माझं तर रोज तापतं.

बारा-तेरा वर्सं झाली. कर्जतला चांगोचा ऑर्केस्ट्रा व्हता. लग्न म्हन, पूजा म्हन, कॉलनीतला कार्यक्रम म्हन, सगळीकडं तोच. चांगो गायचा आनि ऐट करायचा. डरमावर विठू. बेस गिटारवर हितला लोधिवलीचा गजा.

गजाची पयली गिटार म्हंजी सुताराकडनं करून घेतलेली फळी. जाड तार मिळंना, तर गड्यानं स्कूटरच्या क्लचची तार वढली. बोटं सोलून निघायची. पन हात सरळ. विठूचा पाय पडला की गजाचं बोट पडलंच, केसाचा फरक नाय.

अडचन एकच. त्याचा आवाज कुनाला ऐकू येत नव्हता.

चांगो खेकसायचा, "गजा, जेवलास का नाय रं? बोटांत जीव हाय का?"

गजानं भात झोडून झाल्यावर मोहोपाड्याच्या कंपनीत बदलीवर पाळ्या केल्या. मुंबईला गेला, खरी बेस गिटार आनली. काळी, जड, चार तारांची. आवाज नाय. चांगो म्हनला, "ॲम्प्लिफायर बदल." गजानं तीस वॉटचा देऊन साठचा आनला. तरी नाय. चांगो समद्यांदेखत म्हनला, "मानूसच बदलाया पायजे."

शेवटी चौकातल्या रेडिओवाल्यानं गजाला खरं काय ते सांगितलं. गजा धावत आला.

"दादा, चूक वॉटची नाय, भोंग्याची हाय. भोंग्यातनं तुझा गळा जातो लांब, पन माझा खालचा सूर त्यातनं निघतच नाय. बेसला पंधरा इंची स्पीकर पायजे, लाकडी पेटीत."

"भोंगं उतरवू? खुळा का रं तू?"

आता तुला सांगतो, आपल्याकडं सुपारी द्यायला येनारा पयलं काय इचारतो? गानारा कोन, ते नाय. "भोंगे किती?" दोन म्हंजी हलकी पार्टी. चार म्हंजी मोठी. चांगोचे चार व्हते. झाडाला बांधले की हा खाली उभा राहून वर बघत बसायचा, पोटच्या पोरांकडं बघावं तसा.

"उतरवू नको दादा," गजा म्हनला. "फकस्त माझी तार पेटीत घाल. पेटी मी करतो."

केली त्यानं. लोधिवलीच्याच सुताराकडं बसून, फळी न् फळी तपासून. फुडं लावायला कापड नव्हतं, तर त्याच्या बायकोनं, कोंडीनं, आपलं कोरं लुगडं फाडलं.

मोहोपाड्याच्या कॉलनीत पूजा व्हती. दुपारचा कार्यक्रम. गजा पेटी बैलगाडीत घालून घेऊन आला. कोंडी पयल्या रांगेत बसली, आज नवरा ऐकू येनार म्हनून.

चांगो पेटी बघून हसला. "कोंबड्या पाळतोस काय रं? हे खुराडं मंडपाच्या मागं टाक. पावन्यांना दिसाया नको."

"दादा, एक गानं तरी वाजवून बघ."

"ऑर्केस्ट्रा कुनाचा? तुझा का माझा?"

तार भोंग्यालाच लागली. गजा वाजवीत व्हता, ऐकू काय नाय. दुसऱ्या गान्याला कंपनीच्या एका सायबानं इचारलं, "अहो, तुमचा बेसवाला वाजवतो का नुसता उभा आहे?"

चांगोनं माइकवरनंच सांगितलं, "काय करनार सायेब? बायको उपाशी ठेवती त्याला!"

मंडप हसला. चार भोंग्यांतनं साऱ्या कॉलनीला ऐकू गेलं. कोंडीनं मान खाली घातली.

गजानं तार उपटली. "मला बोल, दादा. तिला नाय." एवढंच. खाली उतरला, कोंडीला घेतलं आनि चालू पडला. पेटी तशीच मागं राहिली, ती सामानासंगं ऑर्केस्ट्राच्या टेंपोत गेली.

ह्या चांगोला मानूस म्हनायचं का रं? थांब, अजून हाय.

फुडच्या सुपारीला पनवेलचा बेसवाला आनला. लय नावाजलेला. त्याचा पन आवाज नाय! विठूचं टाळकं सटकलं. त्यानं टेंपोतनं पेटी वढत आनली, तार लावली. पयला सूर निघाला आनि पंगतीतली तांब्याभांडी थरथरली. लोकं उठून बघाया लागली. पनवेलवाला म्हनला, "काय पेटी हाय! कुनी केली?"

चांगो म्हनला, "मीच करून घेतली."

विठूनं त्याच्या अंगावर डरमाच्या काड्या फेकल्या आनि तो पन गेला.

त्या पेटीवर चांगोनं धा वर्सं नाव काढलं. पार पेन-पनवेलपत्तुर. हिकडं गजानं तारंला परत बोट लावलं नाय. साठ वॉटचा ॲम्प्लिफायर माळ्यावर टाकला. लोकं त्याला अजून "उपाशी बेसवाला" म्हनत्यात. त्या दिशी कुनीतरी चांगोच्या कानफटात वढाया पायजे व्हती. कुनी वढली नाय. तीच चूक झाली.

तवा वॉट नंतर बघ, आधी स्पीकर नीट घे. आनि कुनी म्हनलं तुझं ऐकू येत नाय, तर आपल्या बोटांवर शक घेऊ नको.

संपला च्या? मंग ऊठ. ते चिंचेखाली कौलारू घर दिसतंय ना, ते गजाचं. तू फुडं हो, त्याला हाक मारून भायेर बोलाव. माझं नाव तेवढं घेऊ नको रं. चांगो आलाय म्हनलास, तर दार लावून घील तो.